इस्त्रीच्या टेबलावरचं आकाश

यंदा थंडी सुरू झाली त्या आठवड्यात गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, सवयीने वर पाहिलं, तर कृत्तिका चारच.

पुन्हा मोजल्या. एक डोळा मिटून मोजल्या, दुसरा मिटून मोजल्या, कपड्यांचं बोचकं खाली ठेवून कमरेवर हात ठेवून मोजल्या. चारच. कपडे उचलले आणि खाली आले. ह्यांनी विचारलं, "एवढा वेळ?" मी म्हटलं, "चिमटे अडकले होते." चिमटे कधी अडकतात का? पण हे लिफ्ट दुरुस्त करतात. अडकणं ही त्यांना जगातली सगळ्यात साधी गोष्ट वाटते. पुढे काही विचारलं नाही.

कृत्तिका मोजायची सवय माझ्या आईची. ती रफूचं काम करायची, मीही तेच करते. कपड्याला भोक पडलं की त्याच कपड्याचे धागे काढून ते असं भरायचं की भोक होतं हे नेसणाऱ्यालाही आठवू नये. डोळ्यांचं काम. दर थंडीत कृत्तिकांचा पुंजका संध्याकाळी नीट वर आला की आई मला घेऊन उघड्यावर जायची आणि म्हणायची, "मोज." मी म्हणायचे, सहा. तीही म्हणायची, सहा. "झालं, अजून वर्षभर सुई चालेल." एवढीच आमची डोळ्यांची तपासणी. फी नाही, रांग नाही.

आईला एक्कावन्नावं लागलं तेव्हा तिने सहा सांगितल्या. बावन्नाव्यातही सहा, त्रेपन्नाव्यातही सहा. मग एका तिन्हीसांजेला ती घरातल्याच जिन्यावर, तीस वर्षं रोज चढलेल्या जिन्यावर, पायरी चुकली आणि मनगट मोडून घेतलं. डॉक्टरांनी मनगटाबरोबर डोळेही पाहिले. रातांधळेपणा, म्हणाले. तीन-चार वर्षं तरी असणार. अंधारात आधी जातं, मग कडा आत आत येतात. मी आईकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. तीन वर्षं ती मला सहा सांगत होती आणि भिंतीला हात लावून चालत होती. आम्ही म्हणायचो, भिंतीवरची धूळ पुसायची हिची काय ही खोड!

डॉक्टर आणखी एक म्हणाले होते, जाता जाता, पेनाला टोपण लावता लावता : "मुलींमध्ये येऊ शकतं. येईलच असं नाही."

मी आता एक्कावन्न वर्षांची आहे. आणि मला एक मुलगी आहे.

त्याच आठवड्यात खालचे लाँड्रीवाले भाऊ एक काळा लोकरी कोट परत घेऊन आले. खांद्यावर कसरीने खाल्लेलं भोक मी भरून दिलं होतं.

"ताई, गिऱ्हाईक म्हणतंय, ठिपका दिसतो."

"दिसतो?"

"मलाही दिसला." ते फार हळू बोलले. माणूस मेल्याची बातमी द्यावी तसे. "तुमच्या हातचा पहिल्यांदाच दिसला म्हणून गिऱ्हाईकाला म्हटलं, कुणाला बोलू नका, मीच वर नेऊन देतो."

मी कोट घेतला, पाहिला नाही, तसाच कपाटात खाली कोंबला. पाहिला असता आणि मला ठिपका दिसला नसता तर? त्यापेक्षा न पाहिलेलं बरं. रात्री पडल्या पडल्या हिशेब केला : चार कृत्तिका आणि एक ठिपका. आईचं असंच सुरू झालं असणार.

मला साक्षीदार हवा होता. माणसाला विचारायची सोय नाही. "तुला किती दिसतात?" म्हटलं की माणूस उलटून विचारतो, "का गं, तुला किती?" आणि माझा चेहरा असा आहे की त्यावर रफू होत नाही, जे असेल ते दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा फोन करून पाहुणे आल्याचं सांगितलं होतं. तिसऱ्या वेळेची चिठ्ठी बटणांच्या डब्याखाली होती. पाहुणे पुन्हा येणार होते.

मग आठवला मुलीचा कॅमेरा. तिने शिकत असताना जुन्या बाजारातून घेतलेला. नोकरीला परगावी गेली तेव्हा "फोनवर भागतं" म्हणून कपाटात टाकून गेली होती. माझं साधं गणित असं : कॅमेऱ्याला काही आई नाही. त्याला चार दिसल्या तर आभाळात चारच आहेत. त्याला सहा दिसल्या तर मग मी आहे आणि माझं नशीब आहे.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. फोन केला.

"भिंगरे, तुझा तो कॅमेरा चालतो का गं?"

"कशाला?"

"चांदण्यांचे फोटो काढीन म्हणते."

"आई, तू बरी आहेस ना?"

"का? माणसाला छंद असू नये?"

"तुला? छंद? तू टीव्ही बघतानासुद्धा बटणं लावतेस."

"बटणं संपली," मी म्हटलं. "शिकव आता."

पहिल्या दिवशी शिकवण्याआधीच मी गच्चीवर जाऊन एक फोटो काढला होता. कॅमेऱ्याने आपणहून लखकन दिवा पेटवला आणि समोरची पाण्याची टाकी अशी काही छान आली की तिच्यावरचं शेवाळही मोजता यावं. आकाश म्हणजे मागे काळं फडकं. मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "टाकीला स्थळ बघायचंय का?"

मग ती शिकवायला बसली. तिकडे ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे, त्यामुळे तिचं सगळं मापात.

"आई, चाक फिरवून एम वर आण. आता कॅमेरा स्वतःच्या मनाने काही करणार नाही. जे करायचं ते तू."

"म्हणजे घरासारखंच."

"ऐक. तीन गोष्टी आहेत. एक, भोक किती मोठं उघडायचं. दोन, ते किती वेळ उघडं ठेवायचं. तीन, आतला पडदा किती संवेदनशील ठेवायचा, त्याला आयएसओ म्हणतात."

"भोक मला कळतं. भोकावर पोट आहे माझं."

"त्याचा आकडा उलटा असतो. आकडा लहान, भोक मोठं."

"उलटं कसलं? सुईचं तसंच असतं. नंबर मोठा तेवढी सुई बारीक."

"हे मला समजायला एक महिना लागला होता," ती म्हणाली, आणि मला उगाच बरं वाटलं.

किती वेळ उघडं ठेवायचं हेही पटकन कळलं. अंधाऱ्या खोलीत शिरलं की आधी काही दिसत नाही, थांबलं की दिसतं. कॅमेरा थांबून बघतो. पण फार थांबला तर तोवर चांदणी पुढे सरकते आणि ठिपक्याची रेघ होते. त्या भिंगाला पाच सेकंद पुरे, सहाला रेघ दिसायला लागते. आयएसओ मात्र मला माझ्या भाषेत लावून घ्यावा लागला. मी वहीत लिहिलं : आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याचा भोळेपणा. थोडा असला तर चालतो. फार वाढवला की त्याला नसलेलंही दिसायला लागतं, सगळीकडे दाणेदाणे. आमच्या नात्यात असे दोघेतिघे आहेत.

सगळ्यात अवघड होतं चांदणी स्पष्ट करणं. पडद्यावर एक ठळक तारा मोठा करून घ्यायचा आणि भिंगाची कडी केसभर इकडे, केसभर तिकडे. तारा फुगून बटणाएवढा दिसला की समजायचं चुकलं. जिथे तो सगळ्यात बारीक होतो, सुईच्या टोकाएवढा, तिथे थांबायचं. ती जागा सापडल्यावर मी कडीवर शिंपीखडूने खूण केली.

आता कॅमेरा उभा करायचं तिकाटणं. भिंगरीचं तिकाटणं तिच्याबरोबर गेलेलं. हाताने धरलं तर पाच सेकंदांत माझा हातच काय, श्वासही फोटोत यायचा. म्हणून इस्त्रीचं टेबल गच्चीवर नेलं. ते हव्या त्या उंचीला थांबतं, चार पायांवर पक्कं उभं राहतं. त्यावर बटणांची पिशवी ठेवली, तिला खळगा केला आणि त्यात कॅमेरा तोंड वर करून बसवला, पाळण्यात पोर ठेवावं तसा. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी उघडेल अशी सोय त्याच्यात होतीच. दाबायचं आणि मागे सरून उभं राहायचं.

टेबल जिन्यावरून वर नेताना लाँड्रीवाल्या भाऊंनी पाहिलं. "ताई, चांदण्या चुरगळल्यात का?"

"तुमच्याकडे टाकल्या होत्या, तशाच परत आल्या," मी म्हटलं. ते हसले, मग कोट आठवून घाईने खाली उतरले. मी टेबल उचललं.

संध्याकाळी सात, साडेसात. हे कामावरून यायच्या आत. पहिले चार दिवस काळं, पांढरं, हललेलं, पुन्हा काळं. पाचव्या दिवशी बटण दाबलं, मागे सरले, खट्ट झालं, पाच आकडे मनात म्हटले, पुन्हा खट्ट. पडद्यावर कृत्तिका आल्या. मोठं करून पाहिलं आणि हाताशी असलेल्या सुईच्या टोकाने मोजायला लागले. सहा. सात. बारा. अठरा. एकेचाळीस.

एकेचाळीस!

वर पाहिलं. चार.

मी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. मला वाटलं होतं, फार तर दोनाचा फरक असेल. एवढं माझ्या डोळ्यांतून गळून जातंय? एकेचाळिसातल्या चारच? रोजच्या सवयीने फोटो भिंगरीला पाठवला, तिचा लगेच फोन. "आई! अगं काय सुंदर! पहिल्या आठवड्यात? माझ्या मैत्रिणींना दाखवते मी!" मी म्हणत होते, "हो ना, हो ना," आणि शालीच्या टोकाने नाक पुसत होते. ती म्हणाली, "थंडी वाजतेय वाटतं." म्हटलं, "हो, फार."

खाली येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी निमूट खाल्ली, तीन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज जरा चव आहे."

दोन दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. कांदा चिरता चिरता सुचलं, की अगं बाई, कॅमेरा पाच सेकंदांचं सगळं साठवून एकदम दाखवतो. माझा डोळा साठवत नाही, येईल तसं सोडून देतो. पाच दिवसांचे साठलेले कपडे आणि एका दिवसाचे कपडे यांची तुलना करून रडत बसलेय मी! मग वेळ कमी करत गेले. दोन सेकंद, एक, अर्धा. एका ठिकाणी कॅमेऱ्यालाही सहाच दिसल्या. पण त्यात काय सिद्ध झालं? आणखी कमी केला असता तर चार दिसल्या असत्या. साक्षीदार मी सांगेन ते बोलत होता. असल्या साक्षीदाराला कुठल्याही कोर्टातून हाकलून देतील.

तरी गच्चीवर जाणं थांबलं नाही. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं. आणि भिंगरी रोज फोटो मागायची.

"आकाश राखाडी आलंय, आई. आयएसओ निम्मा कर."

निम्मा केला.

"अजून जरा. भोकही थोडं लहान कर. हां, आता कसं काळंभोर झालं!"

असं करत करत मी आकाश काळं करायला शिकले. दोन आठवड्यांत हात बसला. ती म्हणायची, आई, तुझ्या फोटोत आकाश मखमलीसारखं येतं. मी म्हणायचे, कपड्याचं कळतं मला. आणि बटणांच्या डब्याखालच्या चिठ्ठीवरचा गुरुवार चार दिवसांवर आला होता, आणि पाहुण्यांसाठी मी या वेळी मावसभाऊ निवडला होता.

रविवारी दुपारी भिंगरीने एक फोटो पाठवला. "जुन्या डिस्कवर सापडला. चार वर्षांपूर्वीचा, आपल्याच गच्चीवरून. हाच कॅमेरा, हेच भिंग. आता तुझ्याशी स्पर्धा! आकडे फोटोतच असतात, बघ : पाच सेकंद, भोक दोनचं, आयएसओ सोळाशे. तू आज हेच आकडे लावून काढ, बघू कुणाचा चांगला येतो."

तिच्या फोटोत आकाश गर्द होतं. कोपऱ्यात आमची टाकी, आणि कृत्तिका अशा की ओंजळीत घ्याव्यात.

संध्याकाळी टेबल वर नेलं. पिशवी, खळगा, खडूची खूण. पाच, दोन, सोळाशे. खट्ट. खट्ट.

पडदा पांढुरका. दुधात पाणी घालावं तसं आकाश, आणि त्यात कृत्तिका कशाबशा, पुसलेल्या पाटीवरच्या आकड्यांसारख्या. माझंच काही चुकलं म्हणून पुन्हा काढला. तसाच. भिंग पुसलं, आकडे बोट ठेवून वाचले, तिसरा काढला. तसाच. पाठवला.

"अगं, एवढा उजेड कशाला घेतलास?" तिचा फोन.

"मी कशाला घेऊ? तूच दिलेले आकडे."

"सोळाशे?"

"सोळाशे."

"दोन?"

"दोन. पाच. तुझ्या आईला वाचता येतं." हे म्हणता म्हणता आकडे मी पुन्हा एकदा बोट ठेवून वाचले. "भिंगरे, कॅमेरा म्हातारा झाला असेल. त्याला नीट दिसत नसेल."

"म्हातारा झाला तर कमी दिसेल ना, आई. याला जास्त दिसतंय. उजेडच जास्त आहे तिथे. तेच भिंग, तेच आकडे, तीच गच्ची... मग आकाश बदललंय. म्हणूनच तुला रोज सगळं कमी करायला सांगत होते मी. माझ्या लक्षातच आलं नाही. आपण दोघी मिळून रोज तो उजेड झाकत होतो."

मी मान वर केली. वर नव्हे, समोर पाहिलं, बहुतेक वर्षभरात पहिल्यांदा. तीन गल्ल्या पलीकडे गाड्यांचं मोठं दुकान झालं होतं, त्याच्या आवारात आठ उंच खांब, खांबांवर पांढरेफटक दिवे, तोंडं निम्मी आभाळाकडे. त्यांच्या डोक्यावर आकाशाला पांढरी साय आली होती. हे दिवे रोज लागत होते. माझ्याच अंगावर पडत होते, कपडे काढताना माझीच सावली मला दिसत होती. पण रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं दिसत नाही, तसं झालं. भोक शोधायला बसले मी माझ्या डोळ्यांत, आणि कापड बघायचंच राहिलं.

"आई? आहेस ना?"

"आहे."

"रडतेयस?"

"थंडी," मी म्हटलं, आणि मग माझ्याच्याने राहवेना. "अगं, मला चारच दिसत होत्या. म्हणून गं हा सगळा खटाटोप. छंद कसला डोंबलाचा!"



"आजीसारखं?" तिने विचारलं.

"तसं वाटलं मला."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि मी तुला आयएसओ शिकवत होते! महिनाभर! तुला सांगता येत नव्हतं? आजीने लपवलं, आता तू लपव, पुढे मी लपवीन, घराण्याची परंपराच करून टाकू! बाबा कुठे आहेत? बाबांना दे फोन!"

बाबा जिन्याच्या दारात उभे होते. जेवायचं विचारायला आले होते, किती ऐकलं देव जाणे. फोन मी पुढे केला तर त्यांनी तो घेऊन बाजूला धरला, भिंगरीचा आवाज हवेतच राहिला.

"चार दिसतात तुला?"

"हो."

"मला तर तीनच दिसतात," हे म्हणाले.

"काय?"

"दोन वर्षं झाली. मी म्हटलं मोतीबिंदू असेल. तुला कशाला ताप, तुला आधीच डोळ्यांचा धसका."

"अहो, तुम्ही लिफ्टच्या विहिरीत उतरता!"

"तिथे बॅटरी असते."

फोनमधून भिंगरी ओरडत होती, "तीन म्हणाले का? बाबा तीन म्हणाले का?" आणि मला हसू फुटलं. असं हसू की इस्त्रीच्या टेबलाला धरून उभं राहावं लागलं आणि पिशवीतली बटणं खळखळली. माझा जीव भांड्यात पडला होता, पूर्ण नाही, पण भांडं तरी सापडलं होतं. यावरून माझे डोळे धड आहेत असं काही ठरत नव्हतं, एवढी अक्कल मला होती. पण चार दिसायला दुसरंही कारण असू शकतं, एवढं पुरे होतं. दुसरं कारण असलं की माणूस डॉक्टरांच्या जिन्यावर पाय ठेवू शकतो.

सोमवारी सकाळी कपाटाच्या तळातून कोट काढला आणि खिडकीत नेला. ठिपका मला दिसला. स्पष्ट दिसला! आयुष्यात स्वतःची चूक पाहून एवढा आनंद कधी झाला नव्हता. मग कोटाची खालची पट्टी उलटली. आतलं कापड काळं कुळकुळीत, बाहेरचं उन्हाने तांबूस झालेलं. धागा मी नेहमीप्रमाणे आतून काढला होता. म्हणजे धागा अस्सल काळा, आणि खांदा विटलेला. नेहमी मी धागा काढल्यावर दिवसा उजेडात खांद्याला लावून बघते, विटलेलं असेल तर बाहीच्या कडेचा तितकाच विटलेला धागा घेते. हे काम मात्र चार कृत्तिका दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी केलं होतं, डोळ्यांऐवजी भीतीने. लहान मुलीलाही कळावी अशी चूक. उसवलं, बाहीच्या कडेचे धागे काढले, दुपारपर्यंत भरून टाकलं. भाऊंनी कोट दुकानाच्या दारात नेऊन इकडून तिकडून पाहिला, बोट फिरवलं.

"कुठे होतं हो भोक?"

"विसरा आता."

गुरुवारी मावसभाऊ आला नाही. हे रजा काढून आले बरोबर, न विचारता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आईच्या आजाराचं मी सांगितलं ते त्यांनी मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. डोळ्यांत थेंब घातले, आत खोल पाहिलं. मग मला एका यंत्रासमोर बसवलं. आत पांढरं वाडगं, हनुवटी पट्टीवर, हातात एक बटण. "मध्ये बघत राहायचं. कुठेही बारीकसा ठिपका लुकलुकला की दाबायचं. शोधायचं नाही."

शोधायचं नाही! मी महिनाभर दुसरं केलं काय? एक लुकलुकला, दाबलं. एक डावीकडे, अगदी कडेला. दाबलं. एक इतका मंद की आहे की नाही कळेना. दाबलं. मान आखडली, आणि कडेकडेचे ते ठिपके येत राहिले. आईच्या कडा आत आत आल्या होत्या. माझ्या जिथल्या तिथे होत्या की नाही हे त्या बटणावर ठरत होतं, आणि ठिपके येतच होते.

बाईंनी कागद बाहेर काढला, दोन्ही डोळ्यांचा शेजारी शेजारी ठेवला. मी त्यांचा चेहरा वाचायला लागले. त्या म्हणाल्या, "कडा व्यवस्थित आहेत. मागचा पडदाही छान आहे. आईंना होतं त्यातलं काही दिसत नाही. या वयात असतं तर खुणा दिसल्या असत्या. लांबचा मात्र थोडा नंबर आलाय. चष्मा लावा आणि दर वर्षी दाखवून जा."

"आणि मुलगी?"

"मुलीलाही एकदा दाखवू दे. पण आज निवांत झोपा."

मी उठले. थेंबांनी जग धूसर झालेलं. हे दाराशी उभे होते, तेही धूसर. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "दिसतंय मला." "माहितेय," हे म्हणाले, आणि हात काही मागे घेतला नाही. मग मी वळून बाईंना म्हटलं, "यांचीही वेळ घ्यायचीय. यांना तीन दिसतात." बाईंना काय तीन ते कळलं नाही, पण त्यांनी पुढचा गुरुवार लिहून दिला.

चष्मा शनिवारी आला. संध्याकाळी ह्यांनी काय करावं? माझ्या कपाटातलं काळ्या अस्तराचं अख्खं ठाण काढलं आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीला दुहेरी टांगलं, गाड्यांच्या दुकानाच्या बाजूने. चिमटे लावताना एक अडकला. "बघ," म्हणाले, "अडकतात." म्हणजे माझी थाप त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती. दिव्यांचा झोत अडला. आम्ही टाकीला टेकून अंधारात बसलो, डोळे सरावेपर्यंत. इस्त्रीचं टेबल या वेळी खालीच होतं.

"किती?" ह्यांनी विचारलं.

मी चष्मा नाकावर नीट बसवला. एक, दोन, तीन, चार. पाचवी. आणि पाचवीच्या जरा खाली, थेट पाहिलं की नाहीशी होणारी आणि नजर जरा बाजूला नेली की परत येणारी...

"पाच," मी म्हटलं. "आणि एक बहुतेक."

"मला सहा दिसतात."

"अहो, खोटं बोलू नका. या घरात आता खोट्या कृत्तिका चालणार नाहीत."

"बरं, तीन," हे म्हणाले.

फोन लुकलुकला. भिंगरीकडे आठवडाभर ढग होते, आज उघडलं असणार. मी चष्मा काढून, हात लांब करून वाचलं. तिने एवढंच लिहिलं होतं :

"सहा. आणि आई, शपथेवर."